उंबऱ्याबाहेरचे बूट

भूत, चकवा, करणी यातलं मला काहीही पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे खाली कॉमेंटमध्ये मला अक्कल शिकवायचा तुमचा वेळ वाचेल. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. पार्ट रिजेक्ट झाला की तो का झाला हे शोधायचं, त्याचाच पगार घेतो. ‘कारण सापडलं नाही’ असं लिहिलेला रिपोर्ट मी आजवर कुणाकडून घेतलेला नाही.

थ्रिलर सिनेमाचं वेडही त्यातूनच लागलं असावं. मी त्याचे प्रकार पाडून बघतो. पोलिसांचा, कोर्टातला, राजकारणातला, डोक्यातला - म्हणजे हिरोलाच कळत नाही की आपण वेडे आहोत की जग. आणि माझा सगळ्यात लाडका, एका खोलीतला. एक माणूस, एक बंद दार आणि हातातून निसटणारा वेळ. प्रकार कुठलाही असो, शेवटी सगळ्याचा हिशोब लागतो. भुताचे सिनेमे मी बघत नाही. तिथे लेखकाला काही सिद्ध करावं लागत नाही, फुकटचा पगार.

तर गेल्या मार्चमध्ये मी आणि निलेश - आमच्याच कंपनीतला, वडूजचा - दहा मिनिटांचा थ्रिलर शूट करायला तासगावजवळ माझ्या मावसभावाच्या, सुकुमारदादाच्या बेदाणा शेडवर गेलो. लेखक मी, दिग्दर्शक मी, हिरो पण मीच. कॅमेरा म्हणजे माझा फोन.

लोकेशन मी हेरून ठेवलं होतं. शेडच्या टोकाला धुरीची खोली आहे. वाळलेल्या बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून क्रेट त्या खोलीत रचतात, दार बंद करून फटी बुजवतात आणि बाहेरच्या शेगडीवर गंधक जाळून त्याचा धूर पाइपने आत सोडतात. आतून कडी नाही, खिडकी नाही. त्या धुरात उंदीरसुद्धा जगत नाही. एका खोलीतल्या थ्रिलरला आणखी काय पाहिजे?

हे काम पाहतात शिवातात्या. सत्तरीचे, कानाने थोडे कमी. त्यांच्या खोलीचा एक नियम आहे. आत जाणाऱ्याने पायताण उंबऱ्याबाहेर काढायचं. एक तर बेदाणा खायची वस्तू, आणि दुसरं म्हणजे बाहेर पायताण दिसलं की आत माणूस आहे. तात्या ते पायताण हाताने फिरवून, टोकं बाहेर करून ठेवतात. निघणाऱ्याला पायात सरकवायला सोपं. आजवर त्या खोलीत कधी अपघात झाला नाही तो एवढ्यामुळेच.

“बूट भाईरच ऱ्हाऊ दे रं,” दादा सकाळी म्हणाला होता. “तात्या तेवढंच बघत्यात.”

मी ऐकलं आणि सोडून दिलं. अहो, दारापुढे बूट दिसले तर प्रेक्षकाला कळणार ना, आत कोण आहे ते! सस्पेन्सची माती. मी बूट काढून गाडीच्या डिकीत टाकले, गाडी लॉक केली, चावी खिशात घातली. डाव्या बुटाला लेकीच्या बुटाची गुलाबी नाडी होती, माझी आदल्याच दिवशी तुटली म्हणून. निलेश त्यावरून सकाळपासून मला छळत होता.

दुपारचे अडीच वाजले असतील. तात्या जेवायला गेलेले. निलेशने फोन जरा लांब, रिकाम्या क्रेटच्या आडोशाला ट्रायपॉडवर लावला, फ्रेममध्ये फक्त दार, उंबरा आणि बाजूची शेगडी. मला रिकाम्या दाराचा लांबलचक शॉट हवा होता.

“गड्या, तात्यास्नी सांगून ठिवू का, तू आत हायस म्हणून?”

“चहा आणायला चाललायस ना? येताना सांग.”

त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं, दार लोटलं आणि गेला. मी क्रेटच्या मागे, हिरो कुठे कोसळेल ती जागा बघत बसलो.

मग बाहेरून कडी लागली.

आधी मला हसू आलं. म्हटलं निलेश खेचतोय. पण दाराच्या फटीतला उजेड खालून वर नाहीसा व्हायला लागला. कुणीतरी ओली पोती कोंबत होतं. मी धावत जाऊन दार बडवलं, तात्या, तात्या म्हणून ओरडलो. शेजारी बेदाणा निवडायचं मशीन धडधडत होतं. मला माझाच आवाज नीट येत नव्हता. सिनेमात अशा वेळी फोनला रेंज नसते. इथे फुल रेंज होती, पण फोन दाराच्या पलीकडे, माझंच शूटिंग करत उभा.

अंधार म्हणजे किती अंधार... आणि मग तो वास आला. गंधकाचा. नाकातून घशात चाकू फिरवल्यासारखा. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी शर्ट तोंडावर दाबून दाराशी खाली बसलो. खरं सांगतो, तेव्हा एकही डायलॉग सुचला नाही. उद्या लेकीला शाळेत कोण सोडेल, एवढंच डोक्यात. आणि हे की हे सगळं मी स्वतः लिहिलंय, स्वतःच्या हाताने बूट उचललेत. मी घाबरलो होतो. मी रडत होतो.

दार उघडलं.

मी उजेडात पालथा पडलो. तात्यांनी मला ओढून बाहेर घेतलं. शेगडीवर माती टाकलेली दिसली. मी नुसता खोकत होतो. तात्याच बोलत होते.

“आवं, काडी लावली आन् खाली बघतूय तर बूट! मगाशी उंबरा मोकळा हुता. मी दोनदा बघितलं हुतं, आईशप्पत.”

“कुठले बूट?” निलेश धावत आला होता.

“ह्यांचंच की. डाव्याला गुलाबी नाडी हाय बगा. फिरवून ठिवलं मी आन् मग डोस्क्यात परकाश पडला, आत मानूस हाय!”

आम्ही तिघांनी उंबऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. तात्या चक्रावून इकडेतिकडे बघत राहिले.

“न्हाई... हितंच हुतं,” ते म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा माणूस, सकाळी बूट पाहिले असतील, भास झाला असेल. मीही तेच म्हणालो. शिवाय माझ्याकडे पुरावा होता, फोन रेकॉर्ड करतच होता. थ्रिलरमध्ये शेवटी फुटेज सापडतं आणि गाठ सुटते.

तिथेच बसून आम्ही फुटेज पाहिलं. तात्या येतात. मोकळा उंबरा वाकून बघतात, कडी लावतात, पोती कोंबतात, पुन्हा एकदा उंबरा बघतात. शेगडीत गंधक ओततात, काडी ओढतात. धूर पाइपात शिरेपर्यंत उभे राहतात. मग जायला वळतात आणि थांबतात. खाली बघतात. मोकळ्याच उंबऱ्याशी वाकून, बोटांत काहीतरी धरून, ते अर्ध्या वर्तुळात फिरवतात. आधी एक, मग दुसरं. नीट, जोडीने. आणि एकदम शेगडीवर माती लोटतात.

फ्रेममध्ये बूट नाहीत. एकदाही नाहीत.

मी गाडीपाशी गेलो. लॉकच होती. चावी माझ्या खिशात होती, पूर्ण वेळ. डिकी उघडली. फेकलेले बूट जोडीने ठेवलेले होते, टोकं माझ्याकडे... म्हणजे बाहेर. दोन्ही टाचांवर पिवळी पूड लागली होती, अंगठ्याच्या ठशाएवढी. मी वास घेतला. गंधक.

सिनेमा तिथेच सोडला. फुटेज मी किती वेळा पाहिलं असेल, गणती नाही. क्वालिटीवाल्याच्या सवयीने कागदावर सगळी कारणं लिहून काढली आणि एकेक खोडली. कागदावर आता एकही कारण उरलेलं नाही. बूट घातलेले नाहीत, पुसलेले नाहीत.

तेव्हापासून मी कुठल्याही खोलीत शिरताना पायताण बाहेर काढतो, कॉन्फरन्स रूममध्येसुद्धा. ऑफिसात हसतात, हसू देत. सकाळी घरातून निघताना मात्र रोज एक गोष्ट बघतो. माझ्या चपला दारात, टोकं बाहेर करून ठेवलेल्या असतात. ते लेक करते. तात्यांची गोष्ट तिला मी अजून सांगितलेली नाही.