कुसुमच्या टेपवरची खूण

कुसुम गेली तेव्हा मी कन्नडला नणंदेकडं होते. सकाळीच कुसुमच्या मुलाचा, नितीनचा फोन आला. "मावशी, आई उठलीच नाही." एवढंच. जीप धरून मी पडेगावला घरी पोचले तोवर तिला अंगणात आणून ठेवलं होतं आणि आत तिच्या टेबलावर हार घातलेला मोठा फोटोसुद्धा उभा होता. नितीनचा स्टुडिओ आहे, फोटो करायला त्याला वेळ लागत नाही. फोटोतली कुसुम गोरीपान होती, गालावरचे वांग गायब. माझी बहीण जन्मभर सावळी होती. नवरीला गोरी करून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तोंडावर सांगायची, "मग नवरीच दुसरी बघायची होती." तिचाच चेहरा धुऊन काढला पोरानं. मी तेव्हा काही बोलले नाही. मढ्यासमोर भांडण नको... आता महिना उलटून गेलाय, आता बोलते.

कुसुम माझ्या पाठची. तिच्या नवऱ्याचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, दुकान बंद होणार. हिनं मिक्सिंग शिकून घेतलं, म्हणजे कॉम्प्युटरवर बसून शूटिंगमधलं नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, त्यावर गाणी बसवायची. नितीनला त्याच पैशावर वाढवला. माझा नवरा वारल्यावर मी तिच्याकडं राहायला आले. वरच्या मजल्यावर नितीनचा संसार, खाली आम्ही दोघी म्हाताऱ्या. लई गोड स्वभाव होता, असं तेराव्याला जो तो म्हणाला. नव्हता. तापट होती, हट्टी होती, आणि जो पाहुणा आवडला नाही त्याला सरळ लग्नातून कापून टाकायची. माझ्या पुतणीच्या लग्नात माझ्या नवऱ्याला तिनं फक्त पंगतीत ठेवला. मी भांडले, तर म्हणाली, "आक्का, बाकीचा वेळ दाजी झोपलेले होते. घोरताना दाखवू का?"

मागच्या साली नितीननं नवे कॅमेरे घेतले. त्यांचं शूटिंग कुसुमच्या जुन्या कॉम्प्युटरला पेलेना. वाजंत्रीचा आवाज पुढं निघून जायचा आणि पडद्यावर नवरदेव घोड्यावर तसाच अडकून बसायचा. नितीन म्हणाला, "आई, आता बाहेर देतो मिक्सिंग." ती म्हणाली, "बाहेर कशाला? मला ग्राफिक्स कार्ड टाकून दे. बाकी मशीन धडधाकट आहे माझं." कॉम्प्युटरच्या डब्यात खोचायची ती एक पाटी असते, चित्राचं ओझं ती उचलते. कार्ड बसलं तर काम कुसुमच्या हातात राहणार होतं, नाहीतर ते जाणार होतं. दुसरं काम तिला नव्हतं. टीव्ही तिला बघवत नसे, देवळात ती जात नसे आणि सुनेच्या स्वयंपाकघरात तिला कोणी बोलवत नसे.

अख्खा पावसाळा ती त्या कार्डाच्या मागं होती. आधी जुन्या बाजारातलं एक स्वस्तातलं तिच्या मनात भरलं होतं. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, हे नव्या कॅमेऱ्याचं शूटिंग ओळखणारच नाही. त्याच्याशी ती तासभर भांडली आणि मग घरी येऊन मला म्हणाली, "बरोबर बोलत होता मेला." पोळ्या लाटता लाटता मला सांगायची. कार्ड नुसतं भारी असून भागत नाही. डब्यात मावलं पाहिजे, आणि डब्यातल्या पॉवर सप्लायला, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या पेटीला, झेपलं पाहिजे. मोठ्या कार्डाला विजेची वेगळी वायर लागते, ती तिच्या सप्लायला नव्हतीच. लहान कार्ड जिथं खोचलं तिथूनच वीज घेतं. एक दिवस तिनं डबा उघडला, ब्लाउज शिवायचा माझा टेप घेतला आणि आत माप धरलं. पुढं शूटिंग साठवायची डिस्क बसते तो लोखंडी पिंजरा आडवा येत होता. टेपवर तिनं बॉलपेननं जाडजूड रेघ ओढली. "आक्का, इथपर्यंत. याच्या पुढचं नाय चालणार." मी टेपासाठी ओरडले, तर म्हणाली, "तू काय आता नवरीचे ब्लाउज शिवणार आहेस व्हय?"

शेवटी एक लहान, गार ठेवायला एकच पंखा असलेलं कार्ड तिनं ठरवलं. नितीनला नाव सांगितलं, दुकान सांगितलं. तो म्हणाला, "बघू." हा शब्द त्याला ना बापाकडून मिळालाय, ना आईकडून.

खंडेनवमीला आमच्याकडं कॅमेरे, दिवे, कॉम्प्युटर सगळं पुसून मांडतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. त्या सकाळी नितीन एक भलंमोठं खोकं घेऊन आला. आत तीन पंख्यांचं कार्ड. आईला चकित करायचं म्हणून काही विचारलं नव्हतं. सुनेनं ओवाळलं, फोटो निघाले. कुसुमनं खोक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"नितीन, हे मावणार नाही. आणि सप्लायला झेपणार नाही."

"दुकानदाराला विचारलंय मी. जोडवायर दिलीय त्यानं."

"त्यानं माझं मशीन बघितलंय का?"

"आई, पूजा झालेली वस्तू परत करू का आता? निदान आज तरी नाही म्हणू नको."

मी म्हटलं, "अरे, तिचं मशीन आहे. ती नको म्हणतीय ना?"

"मावशी, तुला काय कळतंय त्यातलं? तू नारळ खवून घे."

कुंकू लागलेल्या वस्तूला कुसुमनं नावं ठेवली नाहीत. जन्मभर कोणाचं ऐकलं नाही त्या बाईनं, आणि त्या दिवशी ऐकलं... नितीननं डिस्कचा पिंजरा पकडीनं वाकवला, डिस्क बाहेर लोंबती ठेवली आणि कार्ड दाबून बसवलं. डब्याचं झाकण लागेना, ते भिंतीला टेकवून ठेवलं. पडदा उजळला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कुसुमनं सिल्लोडच्या एका लग्नाचं शूटिंग लावलं. घोडा मस्त चालला, नवरदेव मांडवाच्या दारापर्यंत आला, आणि फट् आवाज होऊन घरभर जळका वास सुटला. सप्लाय गेला, जाताना मशीनचा मुख्य बोर्ड आणि डिस्क घेऊन गेला. तीन पंख्यांचं कार्ड मात्र शाबूत राहिलं.

नितीन म्हणाला, "जाऊ दे आई, जुनंच होतं ते. आता आराम कर." काम बाहेर गेलं. एखादं जुनं मशीन आणि ते लहान कार्ड मिळवून दे, असं तिनं त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. दर वेळी "बघू." ती त्याच खुर्चीत बसून राहायची. कोणी मोबाइलवर लग्न दाखवलं की म्हणायची, "इथं कापायला पाहिजे होतं." पुढं पुढं तेही म्हणेनाशी झाली. थंडीत गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी चौथी शिकलेली बाई, डॉक्टर म्हणाले ते खरं असेल.

तेराव्याला नितीननं चार लोकांत सांगितलं, "आईसाठी एवढं भारी कार्ड आणलं होतं मी, पण तिच्या नशिबात नव्हतं." लोकांनी मान हलवली. ते कार्ड आता त्याच्या स्टुडिओतल्या नव्या मशीनमध्ये आहे. लई छान चालतं म्हणे.

परवा तो खाली आला. कुसुमच्या टेबलाच्या जागेवर उभा राहून इकडंतिकडं बघत होता. फोटो आधीच वर नेलाय.

"मावशी, तुझा टेप दे ना. इथं कपाट बसतं का बघायचंय."

टेप माझ्या मांडीवरच होता, रेघ वर आलेली. मी तो गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

"माप कशाला घेतोस?" मी म्हटलं. "दुकानदाराला विचार की."