मामांचा सांडवा

माणसांपेक्षा मातीच्या भिंतीवर जास्त जीव लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. शहरातल्या छावणी भागातल्या एका शाळेत मामा पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. मामांनी करमाडजवळच्या आपल्या शेतात नाल्याला आडवी मातीची भिंत घातली, मागं पाणी साठवून छोटंसं तळं केलं आणि शाळेतली शिट्टी गळ्यात अडकवून ते त्या तळ्याचे मास्तर झाले. रोज सकाळी स्कूटरवरून जालना रोडनं तिकडं. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे भिंतीच्या कोरड्या बाजूला उतरून पायथ्याला तळहात लावायचा आणि ओल लागतेय का ते बघायचं. पोराचा ताप बघतात तसं. "माझ्या कपाळाला कधी हात लावला नाय या माणसानं," असं मामी येईल त्याला सांगायच्या, आणि मामा ते ऐकून खूश व्हायचे.

भिंतीवर बाभळीचं एवढंसं रोप दिसलं तरी त्यांचं डोकं फिरायचं. मूळ कुजतं आणि पाण्याला आतून वाट मिळते, हे व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. खेकड्यांची बिळं ते स्वतः चिखलानं बुजवायचे. भिंतीवर म्हैस चढली की शिट्टी, माणूस चढला की शिट्टी, आणि शहरातून मोटारीनं आलेली मंडळी तिथं सतरंजी पसरू लागली तर शिट्टीच्या जोडीला तोंड. "उतरा खाली! तुमच्या घरची गच्ची हाय व्हय ही?" लोक तरीही यायचे, कारण खाली उतरलेल्यांना मामा स्वतःच्या हातानं चहा करून पाजायचे.

पोहायलाही कुणाला ना नव्हती. फक्त पाठीला रिकामा डबा बांधल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही. एकदा त्यांच्या मुलीचे सासरे आले. वजनदार गृहस्थ, सगळ्याच अर्थांनी. "आम्ही गोदावरी पार केलीय," म्हणाले. मामा डबा आणि दोरी घेऊन उभेच. "व्याही तुम्ही मांडवात. तळ्यात सगळे सारखे." शेवटी व्याहीबुवा पाठीला तेलाचा डबा बांधून पाण्यात उतरले. आम्ही बायकामुलांसकट तोंडं फिरवून हसत होतो, आणि मामा काठावर गंभीरपणे शिट्टी तोंडात धरून उभे होते.

पण सगळ्यात मोठं वेड सांडव्याचं. तळं भरल्यावर जादा पाणी भिंतीच्या कडेनं निघून जावं म्हणून ठेवलेली वाट, तो सांडवा. तिथं गवताची काडी पडलेली त्यांना खपत नसे. दुष्काळाची वर्षं आली, तळ्याच्या तळाला भेगा पडल्या, शहरात टँकरमागं भांडणं लागली, तरी हा माणूस भर उन्हात टिकाव घेऊन कोरडा सांडवा साफ करत बसलेला. शेजारचे शेतकरी हसायचे. "सर, पाणीच नाय तर सांडवा कशाला?" मामा म्हणायचे, "पाणी काय कळवून येतंय व्हय?" तोवर शेंद्र्याच्या बाजूनं शहर सरकत आलं होतं. प्लॉटिंगवाले खेटे घालू लागले होते. मामा त्यांनाही चहा पाजून वाटेला लावायचे.

आणि मग एका वर्षी पाऊस आला. मामांचा फोन. "जावईबापू, सगळ्यांना घेऊन या. तळं भरलंय!" आम्ही गेलो तर सांडव्यावरून पाणी खळाळत होतं, आजूबाजूचे शेतकरी जमले होते, आणि मामा त्या जाणाऱ्या पाण्याकडं एकटक बघत उभे होते. एकजण म्हणाला, "सर, हातभर अडवलं तर आख्खा उन्हाळा निघंल बघा." एरवी अशा माणसाची त्यांनी सालटी काढली असती. त्या दिवशी मला म्हणाले, "एवढं पाणी चाललं की हो." मग शेडमध्ये गेले, खताच्या रिकाम्या गोण्या आणल्या, मुरूम भरला, आणि पहिली गोणी सांडव्यात स्वतः टाकली. पाठोपाठ सगळ्यांनी टाकल्या. पाणी थांबलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं आनंदी मी मामांना कधी पाहिलं नव्हतं, हो, लेकीच्या लग्नातसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या अंगाला ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. तळं चढू लागलं. मामा गोण्या उपसायला धावले, पण पाण्याच्या जोरापुढं एकही हलेना. तेव्हा ते तसेच खालच्या रानात पळाले आणि त्यांनी खुरपणाऱ्या बायकांना ओरडून, हाताला धरून वर काढलं. सगळ्या वाचल्या. मग पाणी भिंतीवरून सांडलं, आणि मातीच ती, मधोमध वाहून गेली. शेजाऱ्यांची कपाशी गेली, तळं गेलं.

कुणी त्यांना बोल लावला नाही. कपाशीवाले म्हणाले, "पाऊसच तसा होता, सर." मामा म्हणाले, "पावसाला कशाला मधी घेता? पोती मी टाकली." पुढच्या उन्हाळ्यात तेच शेतकरी भिंत पुन्हा घालू म्हणून आपणहून आले. मामांनी हात जोडले. थोड्याच दिवसांत त्यांनी जमीन प्लॉटिंगवाल्यांना देऊन टाकली. भांडण नाही, तक्रार नाही. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

नंतर एकदा छावणीतल्या घरी ते एकटेच ओसरीवर बसले होते. न राहवून मी म्हणालो, "मामा, किती दिवस मनाला लावून घेणार? इतक्या दुष्काळानंतर तुमच्या जागी कुणीही ती गोणी टाकली असती."

"व्हय," मामा म्हणाले. "कुणीबी टाकली असती. म्हणूनच तर तिथं मी बसलो होतो ना."

मामींनी चहा आणला. मामांनी पहिला कप माझ्याकडं सरकवला.