खंडेनवमीचा कार्डिओग्राम

माझा राग देवावर कधीच नव्हता. त्याच्या नावाने कामं अडवणाऱ्यांवर होता. इंदूरच्या आमच्या दवाखान्यात मंत्रीजींनी फीत कापून हृदयरोग्यांसाठी नवी योजना सुरू केली. दर गुरुवारी एकाच जागी कार्डिओग्राम, डॉक्टर आणि औषध. भाषण इतकं लांबलं की ऐकणाऱ्यांचीच हृदयं तपासावी लागली असती. प्रत्यक्षात कार्डिओग्रामशिवाय डॉक्टर पाहत नसत आणि डॉक्टरांच्या सहीशिवाय औषध मिळत नसे. एक खोली अडली की तिन्ही अडत. एवढा समन्वय मात्र पक्का होता.

त्या गुरुवारी खंडेनवमी आली. हृदयाची गोळी रोज नेमाने देऊनही माझ्या पत्नीला अन्न जात नव्हतं, धाप वाढली होती. टांग्यातून कसंबसं तिला आणलं, तर मशीनवर हळदकुंकू आणि झेंडूचा हार!

"काकाजी, सकाळीच पूजा झाली," मशीन चालवणारे गृहस्थ म्हणाले. "आज हात नाही लागणार. उद्या दसऱ्याची छुट्टी. अगले गुरुवारी या ना."

"तोवर हिने श्वासही छुट्टीवर पाठवायचा का?"

"देवाचं काम आहे, चिल्लाने से क्या होगा?"

डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, "कार्डिओग्रामची पट्टी पाहिल्याशिवाय मी औषधाला हात लावणार नाही." परतलो तेव्हा ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. हार ओरबाडायला मी हात उचलला. मला सगळ्यांशी भांडता येत होतं, तिला एक श्वास देता येत नव्हता. आयुष्यात प्रथमच मनात देवाला म्हटलं, आता तूच बघ.

"अहो, हार तोडू नका," मागून आवाज आला. रांगेतले एक वृद्ध भिक्षुक होते, बडा गणपतीच्या देवळाकडचे; पाय सुजलेले. "उत्तरपूजा केली की देवही मोकळा, मशीनही." त्यांनी पूजेच्या तबकातल्या अक्षता वाहिल्या, काही पुटपुटले आणि मशीन दोन बोटं सरकवलं. "झालं विसर्जन. बसवा वहिनींना."

मशीनवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तारा जोडल्या. पट्टी पाहून डॉक्टर म्हणाले, "ती गोळीच जास्त होतेय. आजपासून बंद." तीच गोळी मी आठवडाभर आणखी नेमाने दिली असती.

मी त्या भिक्षुकांच्या पाया पडलो. ते हसले, "अहो, पुढचा नंबर माझाच होता ना!"

ती वाचली. कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. अशा कारभारावरचा राग मी अजून सोडलेला नाही. फक्त सगळं माझ्याच जोरावर चालतं, हा समज त्या दिवशी देवाच्या पायाशी ठेवला, आणि तो परत मागायला गेलो नाही.