एकाच नावाचे दोन रकाने

घरोघरी मोबाईल नुकते येत होते तेव्हाची गोष्ट. मी कोल्हापुरात एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात होते. आमच्या समाजाच्या वधू-वर केंद्राचा प्रोग्राम आमच्याच ऑफिसनं केलेला. मुलगा-मुलगी निवडले की दोघांची माहिती एका कागदावर छापून यायची आणि दोन्ही घरी जायची. केंद्राचे काका खूश. म्हणायचे, "कॉम्प्युटर कशी तोडीस तोड स्थळं काढतोय बघा."

असंच एक स्थळ माझ्या धाकट्या बहिणीला बघायला गडमुडशिंगीला आमच्या घरी आलं. पोहे झाले. मुलाच्या वडलांनी तिला विचारलं, "बारावीनंतर घरीच असतीस व्हय?"

"नाही, एम.एस्सी. झालीय. कॉलेजात शिकवते."

त्यांनी बशी खाली ठेवली. "आमचा बारावी हाय. कागदावर तुमची पण बारावीच हाय की. खोटं कशाला लिवायचं?" चहा न घेताच उठले. माझं डोकंच सणकलं. शिक्षण कमी सांगून कोण खोटं बोलतं हो? मग आमच्याकडचा कागद काढला. खरंच बारावी. आम्ही फक्त मुलाची बाजू वाचलेली. आपल्याच पोरीचं काय वाचायचं?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रोग्राम उघडला. मुलींचं टेबल वेगळं, मुलांचं वेगळं, पण शिक्षणाच्या रकान्याचं नाव दोन्हीकडे एकच. दोन्ही एकदम मागवली की आमचं नवं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, एका नावाला एकच जागा द्यायचं. मुलाचं शिक्षण मागून यायचं आणि मुलीच्या जागेवर बसायचं. प्रोग्राम लिहिणारा केव्हाच पुण्याला गेलेला. इतक्या मुलींच्या पदव्या गेल्या, पण एकाही घरातून तक्रार नव्हती. माहिती मागवणाऱ्या क्वेरीत मी दोन्ही रकान्यांना वेगळी नावं दिली. चहा निवायच्या आत काम झालं.

आणि बहिणीच्या स्थळांसाठी घरचा फोन वाजायचा थांबला. काका सांगायचे, "मुलगी लई शिकलीय म्हणत्यात."

शेवटी आई म्हणाली, "आधी होतं तसं कर की गं. ठरल्यावर सांगू." मी आईवर खेकसले. बहीण शेजारीच पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "कर की ताई. बारावीच असू दे."

मला तिचा संताप आला, आणि रडूही. मी ते केलं नाही. ती अजून शिकवते, एकटीच राहते, आणि माझ्याशी कामापुरतं बोलते.