शकूला हवा होता तो हात

मी योग शिकवते, पण माझा स्वभाव काही योगाचा नाही. पनवेलमध्ये माझ्या क्लासला येणारी कुठलीही बाई हे सांगेल. आजारी नवऱ्याला योग शिकवायला शकूने बोलावलं म्हणून तिच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं.

तिचा नवरा महादेव खुर्चीत तिरका बसला होता. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलर चालवणारा आडदांड गडी. त्याच्या उजव्या हातावरून ताजं रक्त ओघळत होतं.

"अगं, कापलंस की काय त्याला?" मी किंचाळले.

"मी कशाला कापू? कबुतराचं रगत हाय ते," शकू म्हणाली.

मोरीत तिची सासू कमळाबाई विळीवर दुसऱ्या कबुतराची मान धरत होती. लकव्याच्या अंगाला कबुतराचं गरम रक्त चोळलं की अंगात पुन्हा जीव येतो, ही त्यांची पक्की समजूत. मी म्हणाले, "आजी, ह्यानं हात येत नाही, पाखरं तेवढी मरतात." झालं! महादेवने डाव्या हाताने स्टीलचा पेला उचलून माझ्या डोक्याच्या रोखाने भिरकावला. मी वाकले म्हणून वाचले. झटक्याने त्याची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. आईवरची एक शिवी तेवढी शाबूत होती. पाणी हवं असलं तरी तीच, लघवीला लागली तरी तीच.

शकू मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिच्या भुवईवर जुना व्रण होता, पुढचा दात अर्धा तुटलेला. मी तिला फैलावर घेतलं. "हे त्याच उजव्या हातानं केलंय ना?"

"हा."

"मग राहू दे की तसाच! मला कशाला बोलावलंस?"

तिने पदर खोचला. "ताई, जासईला माजा भाव हाय, खोली देतो बोलतो. द्रोणागिरीला गोदामात काम पन हाय. पन लुल्या मानसाला टाकून गेले तर दारात कोन उभी करंल मला? माज्या पन गल्याखाली घास जायाचा नाय. ह्यो सोताच्या हातानं जेवला पायजे. मंग मी मोकली."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. ज्या हाताने तिला वर्षानुवर्षं झोडपलं, तोच तिला चालता करून हवा होता. तो चालता झाला की पहिला कुणावर पडणार, हेही तिला ठाऊक होतं. मला त्याचाही राग आला, तिचाही आला, आणि तरी मी हो म्हणाले.

डॉक्टरांना विचारून सुरुवात केली. त्याचा रक्तदाब चढा, म्हणून श्वास कोंडायचा नाही आणि डोकं खाली जाईल असं एकही आसन नाही. खुर्ची भिंतीला टेकवलेली, पावलं जमिनीवर सपाट. डाव्या हाताच्या बोटांत उजव्याची बोटं अडकवून दोन्ही हात हळूहळू छातीपर्यंत न्यायचे, खांदा दुखला की थांबायचं. डोळे मिटले की त्याला घेरी यायची, म्हणून ध्यान उघड्या डोळ्यांनी, समोरच्या तांब्याकडे बघत. शकू त्याचं कोपर धरून उभी राहायची. जरा बेसावध झाली की तो डाव्या हाताने तिचे केस ओढायचा, पोटात ढोसायचा. "सोड तिला, मेल्या!" मी ओरडायचे. असला योगवर्ग उभ्या महाराष्ट्रात भरला नसेल.

एकदा मी कबुतरांचा पिंजरा उचलून अंगणात फेकला. कमळाबाई विळा घेऊन माझ्यावर धावल्या. शकूने मागून त्यांचं मनगट असं पिरगाळलं की विळा खाली पडला. "आये, बसा गप," ती म्हणाली, आणि पुन्हा त्याचं कोपर धरायला गेली. त्यानंतर घरात कबुतर आलं नाही.

हात हलायचा तर आधी मनात हलवावा लागतो. मी महादेवला रोज सांगायचे, "मनात आणा, घास उचलताय, तोंडाकडे नेताय." काही होईना. एक दिवस वैतागून म्हणाले, "घास राहू द्या. ह्या हाताने आयुष्यभर जे केलंत तेच आठवा."

त्याची नजर तांब्यावरून हलली आणि शकूवर जाऊन थांबली. श्वास लांब झाला. आणि मांडीवरचा उजवा हात उठला, चांगला छातीपर्यंत.

"आला गं बाय, हात आला!" कमळाबाई रडायलाच लागल्या. शकूने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. त्याच्या मनात काय आलं ते तिला माझ्या आधी कळलं होतं.

"बास! मी नाही आता येणार," मी म्हणाले.

तिने हात खाली घेतले. "या ताई. उचलला ना? मंग जेवंल पन."

मी जात राहिले. तो आधी टॉवेलची गुंडाळी धरायला लागला, मग भाकरीचा तुकडा, मग सांडत-लवंडत भात. एका दुपारी त्याने बोंबलाचं कालवण-भात उजव्या हाताने खाल्ला, पूर्ण ताट. शकू समोर बसून एकेक घास बघत होती. ताट उचलायला ती वाकली, तेव्हा त्याने ती शिवी हासडली आणि तोच खरकटा हात तिच्या तोंडावर मारला.

ओठ फुटला. मी तांब्या उचलून त्याच्या अंगावर धावले. खरंच डोकं फोडलं असतं. शकूने मला अडवलं. तिने पदराने रक्त टिपलं, पदराकडे बघितलं आणि चक्क हसली.

"लागला, ताई. चांगला जोरात लागला."

ती आत गेली आणि पिशवी घेऊन आली. पिशवी कधीची भरून ठेवली होती देव जाणे. माझ्या हातातला तांब्या घेऊन तिने तो त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. "पानी पन तुमचं तुमी घ्या," म्हणाली आणि पायऱ्या उतरली. कमळाबाईंनी छाती पिटायला घेतली. शकूने रिक्षा थांबवली, जासई सांगितलं आणि बसली.

महादेव दारापर्यंत सरपटत आला. चौकटीला धरून तो तिच्या मागे ओरडत राहिला, तीच शिवी, पुन्हा पुन्हा, रिक्षा दिसेनाशी झाली तरी. हाक मारत होता की काय कोण जाणे. त्याच्याकडे दुसरा शब्दच नव्हता.