सहा जणांचं फिरतं पाकीट

ते जाड पाकीट पहिल्यांदा माझ्या नावानं आलं, तेव्हा अख्ख्या वाडीला माझ्याआधी कळलं होतं. आटपाडी तालुक्यातल्या त्या वाडीत पोस्ट म्हणजे किराणा दुकानाच्या कोपऱ्यातली एक लाकडी पेटी. दुकानदारच पोस्टाचं काम बघायचे. पाकीट माझ्या हातात देण्याआधी त्यांनी ते दोनदा तळहातावर तोललं.

"आवं बाई, लय जड हाय. वाईचा शिक्का दिसतोय. वाईला कोण तुमचं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. खरंच कोणी नव्हतं. पण एकट्या राहणाऱ्या, लग्न न झालेल्या मास्तरणीला कोणी नसलेल्या गावाहून एवढं जाड पाकीट येतं, हे त्यांच्या कपाळावरच्या आठीत मला स्पष्ट वाचता आलं.

खोलीवर जाऊन दार लावून मी ते उघडलं. आत पाच वेगवेगळ्या अक्षरांतली पाच पत्रं आणि वर एक कागद. त्या उन्हाळ्यात साताऱ्याला शिक्षकांचं एक शिबिर झालं होतं. तिथं वाईच्या एका वयस्कर गुरुजींनी एकशिक्षकी शाळा चालवणाऱ्या आम्हा काही जणांचे पत्ते लिहून घेतले होते. कशासाठी, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. आता कागदावर लिहिलं होतं. सहा जण, पाकीट एक. ते ठरलेल्या क्रमानं एकाकडून दुसऱ्याकडं जाणार; यादीत माझं नाव शेवटचं. आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं मागच्या फेरीचं पत्र काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि तीन दिवसांच्या आत पुढं पाठवायचं. अडचण असेल ती विचारायची, दुसऱ्याच्या अडचणीवर सुचेल ते सांगायचं. एखाद्याचा राग आला तर एक रात्र जाऊ द्यायची आणि मगच लिहायचं. यातलं बाहेर कुणाला दाखवायचं नाही.

शेवटच्या ओळीवर माझा मुळीच विश्वास बसला नाही. धड तोंडओळखही नसलेल्या माणसांच्या भरवशावर आपली अडचण कागदावर मांडायची? पहिल्या फेरीत मी हवापाण्याच्या चार ओळी लिहिल्या आणि पाकीट डिंकानं इतकं घट्ट चिकटवलं की पुढच्याला ते फाडूनच उघडावं लागलं असेल.

पण पाकीट दीड-दोन महिन्यांनी परत यायचं आणि दर वेळी त्यात काहीतरी कामाचं निघायचं. माझ्याकडं चार इयत्ता एका खोलीत बसत. चौथीला गणित शिकवायला घेतलं की पहिलीची पोरं एकमेकांच्या पाट्या फोडायची. दुसऱ्या फेरीत मी भीत भीत तेवढं विचारलं. तर परतीच्या पाकिटात चार उत्तरं! कराडकडच्या गुरुजींनी चिंचोक्यांचे ढीग करून मोजायला लावायचं लिहिलं होतं. साताऱ्याजवळच्या एका बाईंनी चौथीतल्या मुलींना पहिलीच्या 'बाई' करायचं सुचवलं होतं. सांगलीजवळचे एक गुरुजी म्हणत, हे सगळे लाड आहेत, छडी ठेवा. त्यावरून बाईंची आणि त्यांची तीन फेऱ्या अशी जुंपली की पाकीट उघडताना मला आधी तेच वाचायची घाई व्हायची. सगळ्या तालुक्यात ज्याला विचारावं असं कोणी नव्हतं, तिथं मला पाच जण सापडले होते.

पाचही म्हणता येणार नाही. माझ्यानंतर पाकीट यादीतल्या पहिल्या, कोरेगावजवळच्या एका गुरुजींकडं जायचं. त्यांच्या पत्रात तारीख असायची, 'सप्रेम नमस्कार' असायचा आणि खाली एकच शब्द: 'वाचलं.' प्रश्न नाही, उत्तर नाही. दर फेरीला 'वाचलं.' हा माणूस बोलत नाही आणि आमचं सगळं वाचतो, हे मला पहिल्यापासून खटकायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. वाडीतली निम्मी माणसं तीन मैलांवर खडी फोडायला जाऊ लागली आणि पोरं त्यांच्यामागं. शाळेत आठ-नऊ टाळकी उरली. पट घसरला तर शाळा बंद होईल ही धास्ती होती. म्हणून मी त्या पोरांची हजेरी मांडत राहिले आणि दुपारी माझी हजर पोरं घेऊन खडीवरच जाऊ लागले. बाभळीखाली सगळ्यांना बसवून शिकवायचं. पण कागदोपत्री पोरं शाळेत आणि प्रत्यक्षात खडीवर, हे खोटंच होतं. नोकरी जाण्याजोगं खोटं. वाडीत कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी पाकिटात लिहिलं, सगळं, आणि विचारलं, 'मी काय करू?'

पुढच्या फेरीचं पाकीट माझ्याकडं यायच्या आधीच सांगलीहून साहेब आले. शाळा तपासायला ते एरवी वर्षातून एकदा, आधी निरोप धाडून यायचे. या खेपेला जीप थेट खडीवर थांबली. बाभळीखाली ते पोरांमागं अर्धा तास उभे राहिले. मग म्हणाले, "इथं शाळा भरवता, असं कानावर आलं होतं. किती दिवस चाललंय?"

"पोरं इकडं आली तेव्हापासून," मी म्हणाले. वाटलं, आता ते हजेरीचं पुस्तक मागतील. त्यांनी ते मागितलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "बघतो."

त्या 'बघतो'नं माझी झोप उडाली. कुणी सांगितलं? बाभळीखालची शाळा वाडीला दिसत होती, पण सांगलीपर्यंत ते पोचवणारं तिथं कोणी नव्हतं, आणि हजेरीचं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. दुकानदारांवर संशय गेला, पण मी डिंकानं चिकटवलेलं पाकीट न फाडता उघडणं त्यांना जमलं नसतं. मग राहिले पाच. चौघांची मनं मी पत्रांतून ओळखत होते, निदान तसं मला वाटायचं. पाचवा नुसता वाचत होता.

पाकीट आलं त्याच दिवशी, कुणाचं उत्तर धड न वाचता, मी लिहिलं. एक रात्र जाऊ दिली नाही. 'आपल्यापैकी एक जण कधी काही देत नाही, फक्त घेतो. माझी गोष्ट साहेबांपर्यंत गेली आहे. कोरेगावच्या गुरुजींनी आपण कशासाठी वाचतो ते सगळ्यांसमोर सांगावं.' पाकीट पोस्टात टाकून मी ताठ मानेनं घरी आले.

दरम्यान पंचायत समितीतून एक कागद आला. दुष्काळ असेपर्यंत कामाच्या ठिकाणी वर्ग भरवायला मला परवानगी होती. हजेरीही तिथलीच मांडायची. मी तो चारदा वाचला आणि त्यात डाव काय असेल ते शोधत बसले.

मग पाकीट आलं. कोरेगावच्या पत्राच्या जागी एक चिठ्ठी होती: 'माझं नाव यादीतून काढावं. सप्रेम नमस्कार.' आणि वाईच्या गुरुजींचं लांबलचक पत्र. 'बाई, दोष माझा आहे. सांगलीच्या शिक्षण खात्यात माझे मेहुणे आहेत. तुमचं पत्र वाचून राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं, की या मुलीला वाचवायचं असेल तर तिचं काम कायद्यात बसवा. कोरेगावकरांचा यात काडीचा संबंध नाही.'

साताऱ्याजवळच्या बाईंनी मला दोन ओळींत झापलं होतं. मी पत्र लिहायला बसले आणि तीनदा फाडलं. शेवटी किरकोळ रजा टाकली, विट्याला गाडी बदलून साताऱ्याला आणि तिथून कोरेगावला गेले. पुढं तीन मैल चालत.

शाळा भरलेली होती. एक मुलगी, असेल चौथीतली, पहिलीच्या पोरांना चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करायला लावत होती. भिंतीवर साताऱ्याच्या बाईंनी पत्रात चित्र काढून सुचवलेला ऋतूंचा तक्ता. कराडच्या गुरुजींचा पुठ्ठ्याचा घड्याळ-गोल. खिडकीशी धुळीनं भरलेलं ताट होतं, त्यात एक पोरगं बोटानं 'ग' गिरवत होतं. ती धुळाक्षरांची युक्ती माझी होती, मी कधीतरी दोन ओळींत लिहिलेली.

गुरुजी माझ्या वडलांच्या वयाचे. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"तुम्ही कधीच काही लिहिलं नाहीत," मी कशीबशी म्हणाले.

"काय लिवायचं? तुमी समदी हुशार माणसं. मला सुचत न्हाई. तुमी लिवत हुता, मी करत हुतो." त्यांनी ताटातली धूळ हातानं सारखी केली. "वाचलं असं लिवलं, ते खोटं न्हवतं."

"मी माफी मागायला आले आहे."

"आलात, बरं वाटलं. पण बाई, बोललात ते समद्यांम्होरं. माफी हितं मला एकट्याला का?"

पोरांकडून पाण्याचा तांब्या मागवून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. रागावलेले नव्हते ते. दुखावलेले होते, आणि ते लपवण्याची त्यांना गरज वाटत नव्हती.

पुढच्या फेरीला मी सगळं लिहिलं. त्यांच्या खोलीत काय काय पाहिलं, ते कुणाकुणाचं होतं तेही. त्यावर प्रत्येकानं कोरेगावला स्वतंत्र कार्ड टाकलं. छडीवाले गुरुजीसुद्धा. कोरेगावचे गुरुजी यादीत परत आले. पहिल्या फेरीला पुन्हा 'वाचलं.' एवढंच होतं. त्यानंतर कधीतरी एक प्रश्न आला, भागाकाराचा, आणि आम्ही पाचही जण त्यावर तुटून पडलो.

दुष्काळ सरला, पोरं परत आली, पाकीट फिरत राहिलं. मी मात्र अडचण लिहिताना आधी एकदा मनात मोजायची की हे सांगलीला पोचलं तर चालेल का. दोन-तीन वर्षांनी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर वाईचे गुरुजी भेटले. इकडतिकडचं बोलून झाल्यावर ते आपणहून म्हणाले, "अजून मनात आहे ना तुमच्या?"

"मला विचारायला हवं होतंत."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो."

"मग शाळा गेली असती."

माझी गाडी लागली होती. मी पिशवी उचलली. त्यांचं म्हणणं खरं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. तरी खिडकीजवळ बसल्यावर पुन्हा तेच वाटलं, की विचारायला हवं होतं.