जानीमावशीच्या शेळ्या आणि माझी प्रार्थना

लोक परगावी लग्नाला जातात, दवाखान्यात जातात. मी एका पिशवीत दोन साड्या आणि दुसरीत चिकू घेऊन डहाणूच्या एसटी स्टँडवर उभी होते, तलासरीला प्रार्थना शिकायला निघालेली. अशी बाई आमच्या रेल्वे कॉलनीत दुसरी कोणी नसेल. निघताना सासूबाई क्वार्टरच्या दारात आल्या. मी नसताना मुलींकडे बघायला त्या चिखल्याहून आल्या होत्या.

"जा, शीक," त्या म्हणाल्या. "इकडची सुटलीस, तिकडची झाली नाहीस. मधेच लोंबकळतेस वटवाघळासारखी."

राग आला, पण त्यात खोटे काही नव्हते. आमचे हे रेल्वे फाटकावर गेटमन. आधी प्यायचे. सोबतच्या एका कामगाराने त्यांना ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेला नेले, हळूहळू दारू सुटली आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दारू सोडवणारा देव कोणत्या बायकोला नको असेल? मीही जाऊ लागले. कुंकू लावणे सोडले. चिखल्याची हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली.

पण इथेही माझे अडले. आमच्या मंडळीत गोलात बसून प्रार्थना करतात, एकामागून एक, मोठ्याने, ज्याच्या त्याच्या शब्दांत. माझी पाळी आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. शेजारची बाई कोपराने ढोसायची, तशी मी आणखी गप्प. शेवटी पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) म्हणायचे, "बहिणीच्या वतीने मी करतो." मे महिन्यात बाप्तिस्मे होते, आणि त्यांनी मला स्पष्ट सांगितले होते की चारचौघांत स्वतःच्या तोंडाने प्रार्थना केल्याशिवाय माझा बाप्तिस्मा होणार नाही. मुक्या माणसांचे काय करता, असे विचारावेसे वाटले. तेवढे विचारता आले असते तर प्रार्थनाही आली असती. बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजनाची (येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत वाटतात ती) भाकर नाही. दर खेपेला ताट माझ्यासमोरून पुढे जायचे आणि मी पदराच्या टोकाशी चाळा करत बसायची.

शिकवायला मात्र सगळे तयार. पाळकसाहेब म्हणायचे, आधी स्तुती, मग पापांची कबुली, मग आभार, मग मागणे. मंडळीतल्या एका मास्तरांची बायको म्हणायची, शब्द भारी हवेत, 'हे सर्वसमर्था, हे कृपावंता' असे. दुसरी म्हणायची, साधे बोला, पण डोळे घट्ट मिटा. मी घरी चुलीपाशी डोळे घट्ट मिटले तर दूध उतू गेले. आमचे हे फाटक बंद करताना ओरडतात तशाच आवाजात प्रार्थना करायचे आणि मला म्हणायचे, "सोपं असतं गं, तोंड उघडायचं." शेवटी पाळकसाहेबांनी ठरवले की मला तलासरीजवळच्या एका पाड्यावर (वस्तीवर) जानीमावशीकडे पाठवावे. तिची प्रार्थना ऐकायला लोक लांबून चालत येतात म्हणे. रविवारी ते स्वतः तिथे सभा घ्यायला येणार होते. तेव्हा माझी परीक्षा.

चारोटीपर्यंतच्या गाडीत एक गृहस्थ माझ्या चिकूंवर बसले. "ओ, पिशवी आहे," असे मनात तीनदा म्हटले. तोंडातून शब्द बाहेर पडला तेव्हा ते उतरून गेले होते आणि पिशवीतून रस गळत होता.

चारोटीला हायवेवर उतरले तर तलासरीची गाडी नाही. मालट्रक मात्र एकामागून एक जात होते, धूळ आणि गरम वारा तोंडावर. टपरीवाल्याला विचारावे की नाही या विचारात बराच वेळ गेला. विचारले तेव्हा तो म्हणाला, "बेन, बस तो हमणांज गई." (बाई, बस तर आत्ताच गेली.) "तमे ऊभां तो हतां!" (तुम्ही उभ्या तर होतात!)

हो, उभी होते. हात करायचा असतो हे मलाही ठाऊक आहे.

ताडगोळे विकणारी एक बाई सावलीत बसली होती. तिने मला जवळ बोलावले, एक ताडगोळा सोलून हातावर ठेवला. थंड, पाणीदार. प्रवासातले तेवढेच सुख. तिने कुठे निघालीस विचारले, मी सांगितले.

"प्रार्थना शिकायला? एवढ्या लांब?" ती हसली. "आमच्या शेजारचे तर घरात बसून करतात, आम्हाला झोपू देत नाहीत."

पुढच्या गाडीने तलासरीच्या अलीकडे एका फाट्यावर उतरले. पुढे पायवाट. सागाची पाने गळून गेलेली, डोंगर उघडे, कुठेकुठे जाळलेल्या राबाचे (भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या जमिनीचे) काळे तुकडे. मोळी घेऊन चाललेल्या एका बाईने विचारले, "कोणाकडं जायाचा, बाय?" जानीमावशीचे नाव घेताच ती पुढे चालू लागली आणि तिने मला थेट अंगणात नेऊन सोडले.

मावशीचे घर कुडाचे (काठ्यांच्या भिंतीला शेणमाती लिंपलेले). ती शेळ्यांना पाला टाकत होती. उंच, हडकुळी, पांढरे केस, आवाज पितळी हंड्यासारखा.

"तूच का ती न बोलणारी?"

मी मान हलवली.

"हां. तूच ती."

मला वाटले होते, एखादी शांत, प्रेमळ म्हातारी असेल, डोक्यावरून हात फिरवील. मावशीने पिशवी उघडून चेंदलेले चिकू बघितले, सगळे शेळ्यांपुढे ओतले आणि मला पाण्याला पिटाळले. दिवस कलेपर्यंत देवाचे नाव नाही. हिंमत करून विचारले, "मावशी, प्रार्थना कधी?"

"शेळ्या आत घेतल्यावर. एक वाट चुकली तर प्रार्थनेत तीच आठवत बसते मला."

रात्री नाचणीची भाकर, सुकट (वाळवलेला जवळा) आणि चिंचेचे सार. जेवण इतके चवदार की मी दिवसभराचा वैताग विसरले. मग मावशीने मला समोर बसवले आणि म्हणाली, "माझ्यामागं म्हण."

हे मला जमण्यासारखे होते! चौथीपर्यंत शिकले, पण पाठांतरात वर्गात पहिली यायची. मावशी एक ओळ म्हणायची, मी तीच ओळ म्हणायची. प्रार्थना लांबलचक होती. त्यात आकाश होते, डोंगर होता, मावशीचे गळके छप्पर होते, तरसाने न नेलेल्या शेळ्या होत्या.

"मावशी," मी म्हटले, "मला शेळ्या नाहीत."

"नसू देत. म्हण. मधे तोडू नको."

मी म्हटले. लहानपणापासून स्तोत्रे पाठ केलेली. आजी सांगायची, स्तोत्रातला काना इकडचा तिकडे झाला तर फळ जाते. मावशीच्या प्रार्थनेला तर फळ येते असे सगळा तालुका सांगत होता. मग त्यातला शब्द बदलणारी मी कोण? नंतरचे दिवस पाणी भरताना, पाला तोडताना मी ती घोकली. शेवटी शेवटी झोपेतही आली असती. मावशी म्हणाली, "झाली तुझी." मलाही वाटले, सुटले एकदाची.

रविवारी अंगणात दोन चटया पसरल्या, एक बायांची, एक पुरुषांची. आसपासच्या पाड्यांवरून माणसे आली. पाळकसाहेब स्कूटरवरून आले, तोंडाला रुमाल बांधलेला. डहाणूला आमच्या कॉलनीत या वेळी सगळे एका टीव्हीपुढे दाटीवाटीने बसलेले असणार. मला तिथे मागच्या रांगेत बसावेसे वाटले, जिथे कोणी काही विचारत नाही.

गाणी झाली. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितले. मी उभी राहिले तेवढ्यात कुंपणापाशी आमचे हे दिसले. मला न्यायला रात्रपाळी करून तसेच आले होते, रेल्वेचा निळा शर्ट अंगात. पुरुषांच्या चटईच्या टोकाला बसले आणि मला मानेने खूण केली, कर.

मी डोळे मिटले आणि सुरू केले. काय सांगू, नदीच्या पाण्यासारखे शब्द येत होते. आकाश झाले, डोंगर झाला. बाया "हां, हां" म्हणू लागल्या. छप्पर झाले. शेळ्या झाल्या. मला पहिल्यांदाच माझा आवाज ऐकू येत होता, आणि तो वाईट नव्हता. मग मी म्हटले, "देवा बापा, माझा नवरा तू उचलून नेलास, तरी या विधवा लेकीला उघडं पडू दिलं नाहीस—"

पुरुषांच्या बाजूने कोणीतरी खोकले. 'हां, हां' थांबले. मी डोळे उघडले तर सगळे आमच्या ह्यांच्याकडे बघत होते आणि हे माझ्याकडे, तोंड उघडे टाकून. मग एक म्हातारा खो खो हसला आणि अंगणभर हसू पसरले. पाळकसाहेबांनीसुद्धा रुमाल तोंडाला लावला.

आमच्यात सवाशीण बाई घराबाहेर पडतानासुद्धा 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणते. आणि मी उभ्या अंगणात, देवाला हाक मारून, जिवंत नवऱ्यासमोर, कपाळ मोकळे ठेवून हे बोलले होते. घोकताना एकदाही ध्यानात आले नाही. घोकताना तो मावशीचा नवरा होता.

"बहीण, बसा," पाळकसाहेब म्हणाले. "हरकत नाही. पुढच्या वर्षी बघू."

बसवेना. पुढच्या वर्षीचे नंतर. जे बोलले ते तसेच वर जाऊन बसले तर? पाळकसाहेबांचा राग आला, 'मधे तोडू नको' म्हणणाऱ्या मावशीचा आला, हसणाऱ्यांचा आला. डोळे मिटायचेही राहिले.

"देवा," मी म्हटले, "मघाचं खरं धरू नकोस. ते मावशीचं होतं, तिच्या नावावर लाव. शेळ्यापण तिच्याच. मला शेळ्या नाहीत. हे तिथं निळ्या शर्टात बसलेत ते माझे मालक. जिवंत आहेत. त्यांची दारू तू सोडवलीस, मग आता त्यांना नेऊ नकोस. गाड्या येतात जातात, फाटकावर ते एकटे असतात. गोंधळ नको म्हणून नाव घेते. वसंत. वसंतला सांभाळ. मला दुसरं काही नको. आमेन."

बायांनी तोंडाला पदर लावले. नवऱ्याचे नाव तोंडाने घेण्याची तिथेही रीत नव्हती. मी लग्नात उखाण्यात घेतले होते, त्यानंतर त्या दिवशी.

मग पुरुषांच्या बाजूने "आमेन" आले, एवढे मोठे की शेळ्या बुजल्या. फाटकावरचा आवाज. त्यामागून सगळ्यांचे आमेन.

पाळकसाहेबांनी रुमाल खाली घेतला. "यात स्तुती नव्हती," ते म्हणाले. "कबुलीही नव्हती."

"आणि माझं अर्ध्यावर सोडलंन!" जानीमावशी तावातावाने म्हणाली. "इतकं चांगलं चाललं होतं. पुढं सुनेचं होतं, विहिरीचं होतं."

पाळकसाहेबांनी कपाळ पुसले. "मे महिन्यात तयार राहा," ते मला म्हणाले आणि पुढच्या गाण्याचा आकडा सांगितला.

मावशीने निघताना नाचणीचे पीठ बांधून दिले. वर म्हणाली, "पुन्हा ये. पुरी पाठ कर." फाट्यापर्यंत आम्ही दोघे पुढेमागे चाललो. मला वाटले, हे रागावले. आंब्याच्या सावलीत थांबून म्हणाले, "मला मारलंस ते मारलंस. वर नावही घेतलंस सगळ्यांसमोर."

"चुकले."

"नाही," हे म्हणाले. "मला वाटलं, दुसऱ्याच कुणा वसंतबद्दल बोलतेस. एवढ्या काळजीनं."

मी पुढे चालू लागले. चारोटीला या वेळी मी स्वतः हात केला. गाडी थांबली नाही. तो ट्रकच निघाला, ह्यांना हसू आवरेना.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "काय शिकवलं तुझ्या देवानं?" त्यांनी विचारले. मी सांगणार नव्हते. ह्यांनीच हसत हसत सगळे सांगितले, विधवा लेकीसकट.

सासूबाईंच्या हातातले सूप खाली पडले. त्या उठल्या, डब्यातून मूठभर मीठमोहरी घेतली आणि लेकाला पाटावर बसवले. बाप्तिस्मा झालेला माणूस, पण निमूट बसला. त्या ओवाळू लागल्या. ओवाळताना माझ्याकडे न बघता विचारले, "मग तू काय केलंस?"

"देवाला सांगितलं, ते खरं धरू नकोस."

"नाव घेऊन सांगितलंस?"

"हो."

"मोठ्यानं?"

"हो."

"मग बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या आणि मोहरी चुलीत टाकली. ती तडतडली. मी त्यांना थांबवले नाही, आणि हे पाटावरून उठले नाहीत.

मे महिन्यात माझा बाप्तिस्मा झाला. भाकरीचे ताट आता माझ्यापाशी थांबते. पण प्रार्थना मला आली असे मी म्हणणार नाही. अजून माझी पाळी जवळ आली की पदराचे टोक हातात येते, मास्तरांची बायको अजून भारी शब्द सुचवते, पाळकसाहेब अजून स्तुतीची आठवण करतात. मी दोन ओळींत उरकते आणि त्यात ह्यांचे नाव असते. एवढ्यासाठी तलासरीपर्यंत जायला हवे होते का, कोण जाणे. कोणी विचारले तर म्हणते, हो, तलासरीला शिकले. मीठमोहरीचे मात्र पाळकसाहेबांना आम्ही तिघांनीही सांगितलेले नाही.